घरात किती माणसं? कोकणात लोकसंख्येचं काम शिकताना

पहिल्यांदा सर्वेक्षणाला गेले ते देवगड तालुक्यातल्या एका गावात. ओटीवर एक आजी कोकमं फोडत बसल्या होत्या. मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला, "घरात किती माणसं?" आजी म्हणाल्या, "माणसां आठ. पण हय आमी दोगांच." मी आठ लिहिलं, खोडून दोन केलं, मग पुन्हा आठ. संध्याकाळी फॉर्म तपासणाऱ्या मॅडमनी एवढंच विचारलं, "यातली काल रात्री या घरात कोण कोण झोपली होती?" मला सांगता येईना. ते मी विचारलंच नव्हतं.

कोकणातली मुलंमुली आता कधी कधी मला विचारतात, लोकसंख्याशास्त्रात काय शिकायचं असतं? मला दर वेळी ती ओटी आठवते. आपल्याकडे या विषयाचा जीव त्या एका प्रश्नात आहे. मुलगा डोंबिवलीत, त्याचं नाव रेशनकार्डावर गावात, मतदार यादीतही गावात, आणि गणपती तर गावच्या घरातच. तो कुठला धरायचा? जनगणनेत एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं ती एका कुटुंबातली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नेहमी राहणाऱ्यांची नावं घेतं आणि काल रात्री कोण इथे झोपलं तेही वेगळं नोंदवतं. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण उत्तरं वेगळी येतात. कुठल्या आकड्यामागे कुठली व्याख्या आहे हे पाहायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या.

याच ठिकाणी मी एकदा मोठी चूक केली होती. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. एम.ए.च्या पहिल्याच निबंधात मी लिहिलं की कोकणात स्त्रीला मान आहे, म्हणून हे प्रमाण असं. सरांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, "सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचं प्रमाण पाहा." पाहिलं. रत्नागिरीत हजार मुलग्यांमागे ९३६ मुली, सिंधुदुर्गात ९२२. म्हणजे जन्माच्या टोकाला मुली कमीच आहेत. मोठ्या वयात स्त्रिया जास्त दिसतात, कारण पुरुष मुंबईला आहेत. ज्याला मी मान समजत होते ती चाकरमान्यांची गैरहजेरी होती. आजही भाषणांत तो ११२२ अभिमानाने सांगितला जातो, आणि मला वाईट वाटतं. त्या आकड्यात गिरण्यांच्या काळापासून एकट्याने घर, शेती आणि सासू-सासरे सांभाळणाऱ्या बायका आहेत.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. २००१ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचं हे प्रमाण ११३६ होतं. सिंधुदुर्गात ते १०७९ वरून १०३६ वर आलं. त्याच दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ झाली, सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. राज्यात त्या दशकात घट झालेला तिसरा जिल्हा फक्त मुंबई शहर. लोकसंख्या घटली आणि स्त्रियांचं प्रमाणही उतरलं, हे एकत्र ठेवून वाचलं की माझ्या मते एकच चित्र उभं राहतं. पूर्वी पुरुष एकटा जायचा आणि मनीऑर्डर पाठवायचा. आता बायको-मुलांसकट बिऱ्हाड हलतं आणि कुलूप लागतं.

इथे नवखी मुलं हमखास फसतात. रत्नागिरीत ८१,७०८ माणसं कमी झाली म्हणजे तेवढी गेली, असं ते लिहितात. तसं नाही. दहा वर्षांत जन्म मृत्यूंपेक्षा जास्त झाले. त्या वाढीने जेवढी माणसं वाढायला हवी होती तीही जिल्ह्यात नाहीत. जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले, हे समीकरण आपल्या तालुक्यासाठी एकदा हाताने मांडून पाहा. मांडताना कळेल की गेलेल्यांचा आकडा कुणाकडेच सरळ नसतो. जनगणनेच्या स्थलांतराच्या 'डी' तक्त्यांत माणूस जिथे पोचला तिथे मोजलेला असतो. ठाण्याच्या तक्त्यात तो 'राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात जन्म' या रकान्यात सापडतो, आणि तो दुसरा जिल्हा रत्नागिरी की सातारा हे त्या ओळीवरून कळत नाही. खेड-दापोलीकडचा जो माणूस आखातात आहे, तो तर कुठल्याच तक्त्यात नाही. केरळने १९९८ पासून स्वतःचं स्थलांतर सर्वेक्षण उभं केलं, घरोघर जाऊन बाहेर गेलेल्यांची माहिती घेतली. आपल्या दोन जिल्ह्यांसाठी असं काहीतरी व्हायलाच हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

जन्म-मृत्यूच्या दाखल्यांतही हेच. नोंद घटना जिथे घडली तिथे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, तेही तालुक्याच्या रुग्णालयात, आणि आजोबा मुंबईच्या दवाखान्यात गेले. मग ग्रामपंचायतीच्या वहीत वर्षभर काहीच घडलं नाही असं दिसतं.

आता फील्डबद्दल. कोकणातलं गाव एका जागी नसतं. ग्रामसेवक किंवा ओळखीचे भाऊ तुम्हाला रस्त्याकडेच्या वाडीत नेतील, चहा देतील, दहा घरं पटापट होतील. पण बौद्धवाडी पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे असते, धनगरवाडा वर सड्यावर, कातळाच्या पठारावर. आधी सगळ्या वाड्यांची यादी करा, घरं मोजा, मग नमुना काढा, म्हणजे त्यातली कुठली घरं विचारायची ते ठरवा. चालायला लागतं, इलाज नाही.

वय विचारलं की बायका साठ, पासष्ट, सत्तर अशी गोल उत्तरं देतात. तसेच आकडे लिहिलेत तर वयाच्या आलेखाला शून्य आणि पाचवर सुळके येतात. मी आठवणी विचारते. कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा शाळेत होतात का? कोकण रेल्वे सुरू झाली (१९९८) तेव्हा थोरला केवढा होता? लहान मुलांसाठी वादळं: फयान (२००९), निसर्ग (२०२०) किंवा तौक्ते (२०२१). महिना हवा असेल तर लावणीच्या आधी की नंतर, गणपतीत बाळ किती महिन्यांचं होतं. ही यादी प्रत्येक तालुक्याची वेगळी करावी लागते. निसर्ग दापोली-मंडणगडच्या बाईला तारखेसह आठवतं, वेंगुर्ल्यात तसं नाही.

पैशांचं सरळ विचारू नका. "मुलगा किती पाठवतो?" म्हटलं की आई मुलाची बाजू सांभाळते. वीजबिल कोण भरतं, गोळ्या कोण आणतं, छपराचं काम कुणी केलं, असं विचारा. आणि इथून मुंबईला काय जातं तेही लिहा. तांदूळ, कोकम, आंब्याची पेटी, नातवंडांना सांभाळायला जाणारी आजी. फॉर्मवर त्याला रकाना नसेल तर मार्जिनमध्ये लिहा.

कुटुंबनियोजनाचे प्रश्न सासूसमोर विचारायचे नाहीत. पाणी मागा, मागीलदारी जा, थांबा. बाई नको म्हणाली तर वही मिटा.

जे इथे येतात त्यांना विसरू नका. आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार, ज्यांना आपण सरसकट गुरखे म्हणतो, चिरेखाणीवरची कर्नाटकातली कुटुंबं, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचे खलाशी. घरांच्या यादीत बागेतली झोपडी येत नाही, बोट तर नाहीच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा गेलात तर खलाशी भेटणारही नाहीत.

शिक्षणाचं थोडक्यात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (१९५६ पासून) या विषयाचं मुख्य ठिकाण, गोवंडी स्टेशनपासून जवळ. पुण्यात गोखले संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. पदवी कुठलीही असो, संख्याशास्त्र पक्कं करा. आयुर्मान सारणी (कुठल्या वयात किती मृत्यू, आणि पुढे सरासरी किती वर्षं जगणं, याचा तक्ता) एकदा कागदावर सोडवा, मग 'आर' किंवा 'स्टाटा' ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर उघडा. मालवणी किंवा संगमेश्वरी येत असेल तर ती लपवू नका. ती भाषा बोलता येणारा सर्वेक्षक सहज मिळत नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरला आहे. प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत, म्हणजे शिमग्याच्या आधी, घरं बंद असतानाच. मी माझ्या जुन्या गावांत त्याआधी गणपतीत एक फेरी मारणार आहे. दोन्ही वेळा तीच घरं, तेच दोन प्रश्न: काल रात्री इथे कोण झोपलं, आणि या घरातलं म्हणून तुम्ही आणखी कुणाचं नाव घ्याल?