लूपच्या जोडावर आवाज खाली बसतो? माझा अनुभव

पावसाच्या रेकॉर्डिंगचा लूप (शेवट सुरुवातीला जोडून अखंड वाजणारा तुकडा) केला, तर क्रॉसफेडच्या, म्हणजे एक आवाज विरत दुसरा चढतो त्या पट्ट्याच्या, मधोमध आवाज कमी व्हायचा. फेड लांबवला, नॉर्मलाइझ केलं (आवाजाची कमाल पातळी ठरवून दिली), फरक शून्य. डोकं पिकलं.

शेवटी ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जमलं ते असं: क्लिप मधोमध कापा. उत्तरार्ध वरच्या ट्रॅकवर आधी ठेवा, पूर्वार्ध खालच्या ट्रॅकवर नंतर, २ सेकंद एकमेकांवर येतील असा. दोन्ही ट्रॅकवर तेवढाच पट्टा निवडून ‘क्रॉसफेड ट्रॅक्स’मध्ये ‘कॉन्स्टंट पॉवर १’ लावा. एक्स्पोर्ट वेव्हमध्येच, एमपी३ टोकांना शांतता चिकटवतो.

सरळ रेषेच्या फेडमध्ये मध्यावर दोन्ही आवाज ०.५ पट असतात. पावसाचे दोन तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून एकूण शक्ती निम्मी, म्हणजे ३ डेसिबल कमी. समशक्ती वक्रात (‘कॉन्स्टंट पॉवर’) मध्यावर दोन्ही ०.७०७ पट राहतात. फेज जुळलेल्या (लहरींचे चढ-उतार एकाच वेळी येणाऱ्या) एकसारख्या आवाजांना मात्र ‘कॉन्स्टंट गेन’ हा सरळ रेषेचा फेडच वापरा, नाहीतर तिथे ३ डेसिबलचा उंचवटा येतो.