घरात मारहाण, छळ होत असेल तर सरकारी मदत कशी मिळवायची

सगळ्यात आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, २४ तास चालू असतो, फक्त फोन छळ करणाऱ्या माणसाच्या हाती लागणारा नसावा, मैत्रिणीचा घ्या. तिथून सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो, तिथे उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि थोडे दिवस राहायची सोय एकाच छताखाली होते.

मग संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने हे पद आहे आणि खूप बायकांना माहीतच नसतं, याचं फार वाईट वाटतं. घटनेचा अहवाल तेच बनवून कोर्टात देतात, पैसे लागत नाहीत. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क तुमचा आहे, कोणी घाबरवलं तरी ऐकू नका. वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट, बाईचं उत्पन्न कितीही असो.