चंद्रामागची हॅलो ऑर्बिट लॅपटॉपवर कशी काढायची

हॅलो ऑर्बिट म्हणजे चंद्रामागच्या एका खास बिंदूभोवतीची कक्षा. आधी फ्रेम, म्हणजे कुठल्या चौकटीतून बघायचं ते, ठरवा, कोडला मग हात लावा. पृथ्वी मधोमध ठेवून नासाच्या मोहिमेतल्या कॅपस्टोन या छोट्या यानाचा मार्ग काढला तर चंद्राच्याच वाटेने वेडीवाकडी वळणं घेत जाणारी रेघ दिसते, हॅलोबिलो काही कळत नाही. आपल्याला लागते फिरती फ्रेम, तिच्यात पृथ्वी न चंद्र दोघं जागच्या जागी असतात. आज रात्री गंगापूर रोडला गच्चीवर जाऊन चंद्राकडे बोट करा, ती रेघ तशीच चंद्राच्या मागे ६४ हजार किमीच्या आसपास नेली की एल-२, म्हणजे पृथ्वी न चंद्राच्या ओढीत त्यांच्याबरोबरच फिरत राहता येतं असा बिंदू, आणि उद्या चंद्र सरकला तरी तो त्याच रेघेत सापडणार. (आदित्य-एल१ वाला एल-१ वेगळा बरं का, तो सूर्य-पृथ्वीचा, १५ लाख किमीवरचा.)

पायथनमध्ये नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब बास झालं. अंतराचं एकक ३,८४,४०० किमी, वेळेचं साधारण ४.३४८ दिवस, म्यू (दोघांच्या एकूण वस्तुमानातला चंद्राचा वाटा) ०.०१२१५. एक्स अक्षावर पृथ्वी उणे म्यूवर, चंद्र १ वजा म्यूवर, एल-२ येतो १.१५५७ च्या आसपास. थ्री-बॉडीची (पृथ्वी, चंद्र, यान) समीकरणं नेटवर ढिगाने आहेत, पण कोरिऑलिसची (फ्रेम फिरते म्हणून येणाऱ्या त्वरणाची) चिन्हं स्वतः तपासा: एक्सच्या त्वरणात अधिक दोनदा वायचा वेग, वायच्या त्वरणात उणे दोनदा एक्सचा वेग. चिन्ह उलटं पडलं तरी कर्व्ह येतोच, छान दिसतो, फक्त खोटा असतो.

सुरुवातीला एक्स १.०२२०, झेड उणे ०.१८२१, वायचा वेग उणे ०.१०३३, बाकी सगळं शून्य, आणि १.५१११ एककं पळवा, म्हणजे साडेसहा दिवस. ही २०२२ साली कॅपस्टोन गेलं तसली एनआरएचओ, चंद्राच्या ध्रुवाजवळून जाणारी लांबट हॅलो ऑर्बिट. एवढ्या आकड्यांवर एक फेरी जवळपास बंद होते, जास्त फेऱ्या हव्या तर नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या पिरिऑडिक ऑर्बिट डेटाबेसमधून पूर्ण दशांश घ्या. सॉल्व्हरचा (समीकरणं सोडवणारं सायपायचं फंक्शन) डिफॉल्ट टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ती मर्यादा, इथे कामाचा नाही, यान चंद्राजवळून सटकतं तिथेच गणित गंडतं, म्हणून रिलेटिव्ह आणि अ‍ॅब्सोल्यूट दोन्ही टॉलरन्स १० चा उणे १२ वा घात ठेवा, मेथड डीओपी८५३. जेकोबी कॉन्स्टंट (या गणितात मार्गभर एकच राहणारी, ऊर्जेसारखी संख्या) शेवटपर्यंत हलला नाही पाहिजे, हलला तर चित्र कितीही भारी दिसो, डिलीट.

नुसती रेघ काढू नका, दर सहा तासांनी एक ठिपका टाका. दक्षिणेला ७० हजार किमीवर ठिपक्यांची दाटी होते आणि उत्तर ध्रुवावरून जाताना दोन-चारच पडतात, यान कुठे रेंगाळतं ते आपोआप कळतं.

खरा डेटा हवा असेल तर जेपीएलच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेवरून यान आणि चंद्र दोघांचे पृथ्वीकेंद्री व्हेक्टर एकाच वेळांचे घ्या. चंद्राची दिशा म्हणजे एक्स, चंद्राचं स्थान क्रॉस वेग म्हणजे झेड, झेड क्रॉस एक्स म्हणजे वाय, तिन्ही युनिट करून यानाच्या स्थानाशी डॉट करायचं. मग दर क्षणी त्या वेळच्या चंद्राच्या अंतराने भागा, कारण ते अंतर महिनाभरात ३.६ ते ४ लाख किमी असं हलतं आणि भागलं नाही तर एल-२ पण मागेपुढे नाचतो. तरी लूप एकावर एक तंतोतंत बसणार नाहीत, सूर्यही ओढतो ना.

आणि तिन्ही अक्षांचं स्केल सारखं करा, नाहीतर चंद्राचा बटाटा होतो.