जुनं नाणं अस्सल की डुप्लिकेट, घरच्या घरी कसं तपासायचं

सांगली-साताऱ्याकडं जुनं नाणं म्हणून जे हातात ठेवलं जातं ते बहुतेक वेळा शिवराई (शिवाजी महाराजांपासून चालत आलेलं तांब्याचं नाणं) असतं, राणीछाप किंवा राजाछाप चांदीचा रुपया असतो, नाहीतर ते तांब्याचं जाड नाणं ज्याच्यावर रामदरबार आणि ईस्ट इंडिया कंपनी १८१८ असं लिहिलेलं असतं. या शेवटच्याचं आधीच सांगतो, ते तपासायचीच गरज नाही, कंपनीनं रामदरबाराचं नाणं कधी पाडलंच नाही, ती सगळी नंतर कुणीतरी काढलेली टोकनं आहेत. आणि ‘हे नाणं तांदूळ ओढून घेतंय, म्हणजे त्यात शक्ती आहे, करोडोत घेणारी पार्टी तयार आहे’ असं कुणी म्हणाला की चहा पिऊन सरळ घरी जायचं.

बाकीच्यांसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, सराफ वापरतात तसलं दहापट भिंग आणि एक लोहचुंबक एवढं पुरतं.

आधी साल वाचा, फुकटात निम्मं काम होतं. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ आहे, त्यामुळं १८८५ चा क्वीन किंवा १८६२ चा एम्प्रेस दिसला तर पुढं बघूच नका. एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० चे. १९३० सालचा चांदीचा रुपया कुणी देत असेल तर तसला रुपया निघालाच नव्हता. १९३९ चा दुर्मिळ आहे म्हणून त्याचा शेवटचा ९ भिंगाखाली नीट बघायचा, आकड्याच्या आजूबाजूला खरवडल्यासारखं दिसतंय का, बाकीच्या आकड्यांसारखाच उठलाय का.

मग चुंबक. चांदी आणि तांबं चिकटत नाही, चिकटलं तर विषय संपला. अपवाद १९४७ च्या वाघाच्या रुपयाचा, तो निकेलचा आहे त्यामुळं अस्सल असला तरी चिकटतोच, उलट तो चिकटला नाही तर शंका घ्या.

आता वजन. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजून थोडा कमी भरेल ते चालतं, पण १२ च्या पुढं गेला तर काय तो आपोआप वाढला का? (कडी लावून माळेत घातलेला असेल तर झाळणाचा (डागाचा) टाका शिल्लक असतो, तेवढं धरायचं.) १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्याला पुढचं पाण्याचं गणित लावू नका.

वजन जुळलं तरी थांबायचं नाही, खरी परीक्षा पाण्याची आणि ती लई सोपी आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही असं हातात धरून सोडा, काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. चांगल्या रुपयाला पाण्यात साधारण १.१३ येतं, म्हणजे भागाकार १०.३ च्या आसपास. जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्ताचं मिश्रण, चांदी नसलेलं) असेल तर १.३ च्या वर आकडा जातो आणि भागाकार ९ च्या खाली येतो, मग वरून कितीही चकाकू दे. नाण्याला बुडबुडे चिकटलेले नकोत, दोन-तीनदा करून बघा.

पण यातून फक्त धातू कळतो. आपल्याकडं विटा-आटपाडीच्या बाजूला गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) पाहुणे घरोघरी आहेत, ते चांदीचा कस चुटकीसरशी सांगतील, तरी शुद्ध चांदीत कालच पाडलेलं नाणंसुद्धा चांदीचंच असतं ना. म्हणून भिंग लागतं. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत दिसतात, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि कडेवर कंगोऱ्यांच्या मधून जोडाची रेघ जाते, ती रेघ कानशीनं घासली असेल तर घासल्याच्या खुणा तरी राहतातच. आवाजावर फार जाऊ नका, चिरलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं.

शिवराईचं गणित वेगळं. ती हातानं ठोकलेली, पुढच्या छत्रपतींनी आणि पेशव्यांनीही पाडलेली, त्यामुळं वजन, आकार, अक्षरांचं वळण एकसारखं मिळणारच नाही आणि ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ अर्धवट उमटलेलं असणं हा दोष नव्हे. संशय उलट्या गोष्टीचा घ्यायचा: दोन शिवरायांची कड एकाच जागी फाटलेली आणि अक्षर एकाच जागी तुटलेलं दिसलं तर दोन्ही एकाच साच्यातून ओतल्यात. महाराजांचा चेहरा किंवा १६७४ साल असेल तर ते स्मृतिचिन्ह समजा. हिरवा गंज वरून फासलाय का हे बघायला कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपऱ्यात हलकं टिपा, रंग असेल तर कापसावर येतो. चिंच, लिंबू, राख मात्र अजिबात नको, अस्सल असलं तरी किंमत जाते. सोन्याचा होन कुणी स्वस्तात देतोय म्हटल्यावर तर मी भिंगसुद्धा बाहेर काढणार नाही.

घेताना बिलावर नाण्याचं नाव, साल, वजन आणि ‘खोटं निघाल्यास परत’ हे लिहून घ्या, तयार नसेल तर सोडा. ऑनलाइन कुणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुनं नाणं विकून देतो, आधी कमिशन भरा म्हणाला तर ती फसवणूक, बँकेनं २०२१ मध्येच तसं जाहीर केलंय. आणि ‘नांगरताना रानात हंडा सापडला’ म्हणून कुणी नाणी आणली तर खरी असली तरी हात लावू नका, १८७८ च्या कायद्यानं ती माहिती आधी कलेक्टर ऑफिसला द्यावी लागते.