रोल नीट बिघडवायचा कसा

फिल्म फोटोग्राफी सुरू करणाऱ्यांना हल्ली दोन टोकांचे सल्ले मिळतात. एकाचं म्हणणं, उजेड मोजायचं मीटर आणि रसायनांचं तापमान पाठ झाल्याशिवाय बटण दाबू नका. दुसऱ्याचं म्हणणं, येईल ते येऊ द्या, तीच तर मजा. दुसरा सल्ला कानाला गोड लागतो, पण तो पाळणाऱ्यांचा दहावा रोलही पहिल्यासारखाच दिसतो. बिघाड कशामुळे झाला ते कळलं तर तो हवा तेव्हा पुन्हा करता येतो. नाही कळलं तर नुसताच एक रोल वाया गेला.

म्हणून सुरुवातीचे दोन रोल अगदी सरळमार्गी काढा. एकच कॅमेरा, एकच फिल्म, एकच डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन). ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म घ्या (आयएसओचा आकडा मोठा, तितका उजेड कमी लागतो). एचपी५ प्लस किंवा केंटमियर ४०० चालेल. कृष्णधवल अशासाठी, की ती घरी धुता येते आणि स्वतः धुतली की बिघाडाचं कारण सापडण्याची शक्यता वाढते. रंगीत फिल्म धुण्याच्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद राखावा लागतो, ते नंतर बघू. प्रत्येक फ्रेमचा नंबर, ॲपर्चर, शटर आणि उजेड कसा होता, एवढं त्याच वेळी वहीत टिपा. घरी येऊन आठवून लिहिलेल्या नोंदी कामाच्या नसतात.

रोल सुकला की फोटोंआधी फिल्मची कड बघा. तिथले फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेलं असतं. तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आकडे ठसठशीत आणि फोटो मात्र फिके, सावल्यांत काहीच नाही, तर उजेड कमी पडला. आकडेही फिके, तर डेव्हलपर जुना, थंड किंवा वेळ कमी. आकडे आहेत पण एकही फोटो नाही, तर बहुधा फिल्म स्पूलमध्ये अडकलीच नव्हती. (रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरते का, एवढं बघितलं की हे टळतं.) आकडेही नाहीत आणि अख्खी पट्टी पारदर्शक, तर हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारा फिक्सर, डेव्हलपरच्या आधी ओतला गेला. दुधाळ दिसली तर घाबरू नका, फिक्सिंग अपुरं आहे, परत हायपोत घाला. चंद्रकोरीसारख्या खुणा म्हणजे धुण्याच्या टाकीतल्या रिळात भरताना फिल्म मुडपली. लहान गोल डाग म्हणजे बुडबुडे. टाकी ओट्यावर दोनदा आपटायची राहिली. दातांच्या भोकांपासून निघालेले गडद पट्टे म्हणजे टाकी फार जोरात हलवली.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये डार्करूम म्हणजे रात्रीची बाथरूम. दाराखालच्या फटीला टॉवेल लावाल, पण गीझरचा लाल दिवा विसराल. लाल उजेड चालतो तो फोटो-पेपरला. आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म लालही बघते, म्हणून गीझर मेन स्विचवरून बंद करा आणि घड्याळ, फोन बाहेर ठेवा. एप्रिल-मेमध्ये चेंजिंग बॅगेत (हात घालून अंधारात फिल्म भरायची काळी पिशवी) हाताला घाम सुटतो आणि फिल्म चिकटते. पावसाळ्यात दमट झालेल्या प्लास्टिक रिळात ती अर्ध्यावर अडते. रीळ आधी हेअर ड्रायरने सुकवून घ्या.

पाण्याचं तापमान ही उन्हाळ्यातली खरी डोकेदुखी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला कोमट लागतं. एचपी५ प्लसला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, तितकंच पाणी घालून (१+१), २० अंशांना १३ मिनिटं लागतात. २४ अंशांना तेच काम सुमारे ९ मिनिटांत होतं. याहून गरम असेल तर वेळ इतका कमी होतो की डाग पडायला लागतात. बादलीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात बाटल्या ठेवा; बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, प्रमाण बिघडतं. हायपोनंतर फिल्म पाण्याने खळबळायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरून ५ वेळा उलटीपालटी करा, पाणी बदला. मग १० वेळा, मग २० वेळा. पाणीकपातीतही जमतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, नाहीतर क्षारांचे ठिपके राहतात.

आता बिघडवायला लागा, पण एका रोलमध्ये एकच गोष्ट. सर्वात स्वस्त प्रयोग मीटरला फसवण्याचा. मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं वाटतं. पाताळेश्वरच्या काळ्या खडकावर त्याचं ऐकलंत तर खांब राखाडी येतील. एक ते दीड स्टॉप कमी द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पालखीच्या दिवशी पांढरे सदरे आणि टोप्या मळकट येतात. तिथे तितकंच जास्त द्या. दोन्हीकडे एकेक फ्रेम मीटरप्रमाणे आणि एकेक दोन स्टॉप उलट दिशेने घ्या. निगेटिव्ह जास्त उजेड बराच सोसते, कमी उजेड मुळीच सोसत नाही, हे शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पटत नाही.

विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर ४०० ची फिल्म १६०० समजून वापरा, एफ/२.८ आणि १/६० पासून सुरुवात करा, आणि आयडी-११ न पातळ करता १४ मिनिटं धुवा. दाणे मोठे येतील, कॉन्ट्रास्ट चढेल. सावल्यांत मात्र काहीही परत येणार नाही, कारण जिथे उजेड पोचलाच नाही तिथे जास्त वेळ धुऊन काय उगवणार? याउलट ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर देताना फिल्म सुस्तावते. एचपी५ प्लसला मीटरने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे २० द्यावे लागतात.

डबल एक्स्पोजरचं तत्त्व सोपं आहे: दुसरं चित्र पहिल्याच्या काळ्या भागातच नीट दिसतं. पर्वतीचं शिखर उजळ आकाशासमोर पूर्ण काळं घ्या, मग त्याच फ्रेमवर मंडईतला फुलांचा ढीग घ्या. फुलं शिखराच्या आकारात भरतात. उलटं केलंत, म्हणजे आकाशावर फुलं यावीत म्हणालात, तर फक्त खरकटं दिसेल. दोन्ही चित्रं मध्यम उजेडाची असतील तर आयएसओची तबकडी ८०० वर ठेवा, म्हणजे प्रत्येकी एक स्टॉप कमी मिळतो. वेगळं बटण नसलेल्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत रिवाइंडची कळ आधी हलकेच ताणून धरा, तळातलं बटण दाबा आणि मग लिव्हर ओढा: शटर चढतं, फिल्म जागेवर राहते. ती थोडी सरकतेच, म्हणून पुढची एक फ्रेम लेन्सला झाकण लावून रिकामी सोडा.

स्वयंपाकघरातला प्रयोग करायचा तर कॅफेनॉल, म्हणजे कॉफीचा डेव्हलपर, करा. ३०० मिली पाण्याला निर्जल धुण्याचा सोडा १६ ग्रॅम, व्हिटॅमिन सी ५ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी १२ ग्रॅम, याच क्रमाने. खाण्याचा सोडा चालत नाही, तो पुरेसा अल्कधर्मी नसतो. किराण्याच्या दुकानात सोडा बहुधा खड्यांचा मिळतो आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. निकामी पातेल्यात मंद आचेवर कोरडी भुकटी होईपर्यंत तापवा आणि मगच तोला. कॉफी चिकोरी नसलेली हवी. स्वस्तातली उत्तम, महागडीचा इथे उपयोग नाही. व्हिटॅमिन सी शुद्ध पूड हवी, चघळायच्या नारिंगी गोळ्या नकोत. फेस बसला की २० अंशांना १५ मिनिटं: पहिलं मिनिट सतत, पुढे दर मिनिटाला तीनदा उलटापालटा. हे १०० आयएसओच्या फिल्मला बरं. ४०० ला धुकं येतं (सगळी फिल्म करडी होते), त्यासाठी ०.३ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालावं लागतं. वास भयंकर येतो, खिडकी उघडी ठेवा. हायपो मात्र नेहमीचाच. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो बेसिनमध्ये ओतू नका. घेणारी लॅब शोधा.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कॅमेरा बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, तो सोडून द्या. एक सेकंदाचं शटर कानाने ऐका, अडखळतं का बघा. सेलच्या खाचेत हिरवट गंज असेल तर मीटर गेलं असं धरून भाव करा. मीटर चालत असेल तरी विचारा की सेल कोणता: बऱ्याच जुन्या मॉडेलांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, आजचा १.५ व्होल्टचा घातला की मीटर चुकतं. कानाच्या मशिनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो, भोवती रबरी कडी घालून बसतो. मागच्या झाकणाचा स्पंज बोटाला डांबरासारखा लागत असेल तर उजेड आत शिरणार. तो शिरू द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा; नको असेल तर स्पंज खरवडून खाचेत काळी लोकर बसवा. बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री मिळाला तर घ्या. १२० नंबरच्या रुंद फिल्मवर चौकोनी १२ फोटो देतो आणि त्यात बदलण्यासारखं फारसं काही नसतं, शिकायला त्यामुळेच चांगला.

लॅबमध्ये देताना मात्र प्रयोग सांगून द्या. उलटी भरलेली रंगीत फिल्म, म्हणजे रेडस्केल, लॅबला निर्धोक असते. तिला तळातून उजेड जातो म्हणून २ ते ३ स्टॉप जास्त द्यावे लागतात, बाकी काही नाही. पण साबण-लिंबात भिजवलेला रोल किंवा काळा रेमजेट थर असलेली सिनेमाची फिल्म न सांगता सी-४१ च्या मशिनमध्ये गेली, तर तुमच्याबरोबर इतरांचेही रोल जातात. आणि स्कॅन करताना आपोआप दुरुस्ती बंद ठेवायला सांगा. नाहीतर मुद्दाम कमी-जास्त उजेड दिलेल्या सगळ्या फ्रेम एकसारख्या होऊन येतील आणि वहीतल्या नोंदी कशाशी जुळवायच्या तेच कळणार नाही.