कुत्रं पिसाळायची वाट बघू नका, लस आधी द्या

रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस असो नाहीतर जनावर, जवळपास कुणीच वाचत नाही, आणि तरी हा आजार लसीने टाळता येतो, म्हणून जे काय करायचं ते आधीच करायचं.

घरचं पिल्लू ३ महिन्यांचं झालं की पहिली लस, ३-४ आठवड्यांनी बूस्टर, मग दरवर्षी एक. मांजरालाही. "आमचं मांजर बाहेर जातच नाही" असं खूप जण म्हणतात पण गॅलरीतून एकदा निसटलं तर काय कराल?

आता गल्लीतली कुत्री. एका भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीज पसरायचा थांबतो. कुत्री उचलून लांब सोडून काही होत नाही, त्या जागी दुसरी येतात आणि त्यांना लस दिलेली नसते. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेच्या टीम गावोगाव फिरून, जाळीने पकडून कुत्र्यांना लस देतायत, सोबत शाळेत जाऊन पोरांना शिकवतायत, आणि २०२१ ला गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. म्हणजे आपल्या शेजारीच हे करून दाखवलंय.

तुमच्या सोसायटीत किंवा वाडीत करायचं असेल तर आधी रोज खायला घालणाऱ्या काकूंना किंवा वॉचमनला गाठा, कुठलं कुत्रं कुणाच्या हाताला येतं हे त्यांनाच माहीत असतं. प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढा, नाव आणि लसीची तारीख एका वहीत लिहा, मग महापालिकेच्या नाहीतर पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा जवळच्या प्राणीसंस्थेला सांगून खायच्या वेळेला कॅम्प ठेवा. एक गोष्ट लक्षात ठेवा, कानाला कट असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते आणि तेव्हा लसही दिलेली असते, पण ती कधीची ते कानावरून कळत नाही, म्हणून त्यालाही दरवर्षी द्यायचीच.

पिसाळलेलं म्हणजे धावून चावणारंच असं नाही. काही कुत्री गप्प कोपऱ्यात पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय. गाई-म्हशीचंही तसंच होतं. अशा वेळी तोंडात हात घालू नका, प्लीज! जनावर बांधून किंवा कोंडून ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा.

जंगली प्राण्यांना आपल्याकडे हा रोग बहुतेक वेळा कुत्र्यांकडूनच जातो. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बेकडच्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला होता. म्हणून खारफुटीच्या, जंगलाच्या कडेच्या वस्तीतल्या कुत्र्यांना लस सगळ्यात आधी. कचरा उघडा टाकू नका. कोल्हा किंवा मुंगूस दिवसाढवळ्या माणसाला न घाबरता जवळ येत असेल तर हुसकवायला जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

आणि चावलंच तर? वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काहीही भरू नका. मग त्याच दिवशी दवाखाना. नुसता ओरखडा असला तरी जा, आणि पोरं मार बसेल म्हणून लपवतात, त्यांना न रागावता विचारा. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झालीत, आता दंडावर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात (काही ठिकाणी १४ व्या दिवशीही). रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं ते इंजेक्शनं चालू करून, नुसती वाट बघत बसायचं नाही. जंगली प्राणी चावला तर ती वाटही बघायची नाही, सगळे डोस पूर्ण करायचे.

रोज कुत्र्यांना हात लावणाऱ्यांनी तर चावायच्या आधीच लस घेऊन ठेवावी. पुढे कधी चावलं तर दोनच डोस पुरतात आणि ते इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.