प्रिंटर खोलताना: आधी कान, मग स्क्रूड्रायव्हर

शाईचा घरगुती प्रिंटर सुरू केला की छापायला काहीही दिलेले नसताना तो बराच वेळ स्वतःशीच काहीतरी करत बसतो. आधी एक बारीक टक् ऐकू येते, मग सर्र करत काहीतरी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, मग दातेरी चाकांची घरघर, मध्येच एक ठसठशीत खट्ट, पुन्हा सर्र आणि शेवटी शांतता. प्रिंटर खोलून त्याची रचना समजून घ्यायची असेल, तर पहिले काम हे आवाज क्रमाने कागदावर लिहून काढण्याचे आहे. सुटे केलेले भाग टेबलावर कितीही नीट मांडले तरी ते काय करत होते हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. याउलट, आवाजांची यादी हाताशी असली की प्रत्येक आवाजाचा धनी शोधता येतो आणि खोलण्याला एक दिशा मिळते.

यासाठी स्कॅनरसह असलेला, वापरातून गेलेला, पण शक्यतो सुरू होणारा शाईचा प्रिंटर निवडावा. पुन्हा जोडून वापरायचाच आहे असा प्रिंटर पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नये, कारण जोडण्याची काळजी डोक्यात असली की माणूस बघायचे सोडून स्क्रूच मोजत बसतो. लेसर प्रिंटरही आधी नको. त्यातली टोनरची पूड इतकी बारीक असते की साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतून पार होऊन ती खोलीभर पसरते.

प्लग काढण्यापूर्वी एक युक्ती करावी. प्रिंटर सुरू असताना कार्ट्रिज बदलण्याचे झाकण उघडले की शाईचे डोके (कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग) वाहून नेणारा गाडा आपल्या कोपऱ्यातल्या घरातून निघून बाहेर येतो. तो बाहेर असतानाच, प्रिंटरचे बटण न दाबता, थेट भिंतीतला प्लग काढावा. बटणाने बंद केल्यास गाडा घरी परततो आणि तिथे त्याला अडसर बसतो. मग पुढे तो हाताने हलवता येत नाही. प्लग काढल्यावर कार्ट्रिजे बाहेर काढून पिशवीत बंद करावीत. शाईच्या टाक्या असलेला प्रिंटर असेल तर त्या आधी रिकाम्या कराव्यात आणि यंत्र कधीही आडवे करू नये.

विजेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. प्लग काढल्यानंतर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवले की सर्किट बोर्डावरचा साठा बहुतेक उतरतो. पण घरातल्या विजेचे रूपांतर करणारा पॉवर सप्लाय ही वेगळी बाब आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतल्या, वीज साठवणाऱ्या मोठ्या कंपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. हा भाग बहुतेक प्रिंटरांत स्वतंत्र डबीत असतो. ती डबी अखंड बाहेर काढून बाजूला ठेवावी, उघडू नये. बघण्याजोगे सारे काही तिच्या बाहेर आहे.

हत्यारे मोजकी लागतात: लांब दांड्याचा फुली टोकाचा स्क्रूड्रायव्हर, चांदणीच्या आकाराची टॉर्क्स टोके (टी-८ आणि टी-१० बहुतेक ठिकाणी पुरतात), चिमटा, एक जुने प्लॅस्टिकचे कार्ड, टॉर्च आणि भिंग. हातमोजे आणि जुनी वर्तमानपत्रे हवीतच, कारण प्रिंटरची शाई कातडीवरून दोन-तीन दिवस जात नाही. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि ताणलेल्या स्प्रिंगा अचानक उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा.

बाहेरचे कवच हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग. स्क्रू मागच्या बाजूला, रबरी पायांखाली, चिकटपट्ट्यांखाली आणि कार्ट्रिजच्या कप्प्याच्या आत दडवलेले असतात. सगळे काढूनही कवच सुटत नसेल तर जोर लावू नये. कुठेतरी प्लॅस्टिकचा खटका अडकलेला असतो. फटीत कार्ड सरकवून, किंचित तिरके करून पुढे नेत गेले की खटके एकेक करून सुटतात. स्क्रू मात्र डबीत एकत्र टाकू नयेत. मोठ्या कागदावर प्रिंटरची ढोबळ आकृती काढून, जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावावा. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूंचे आटे रुंद असतात आणि पत्र्यात बसणाऱ्यांचे दाट. त्यांची अदलाबदल झाली की प्लॅस्टिकच्या भोकातले आटे कायमचे जातात. पुन्हा बसवताना स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवावा. तो जुन्या आट्यात पडल्याची जाणीव बोटांना होते, आणि मगच तो आवळावा.

वरचा स्कॅनर उचलताना त्याच्याखाली एक चपटी, कागदासारखी पातळ फीत असते, हे विसरू नये. ही फीत ज्या सॉकेटमध्ये बसते त्याला कधी वर उचलायची पट्टी असते, कधी बाहेर सरकवायची, तर कधी काहीच नसते आणि फीत सरळ रेषेत ओढायची असते. आधी टॉर्चने बघावे, मग हात लावावा. काच काढली की आत एका दांड्यावर सरकणारी लांब पट्टी दिसते. हल्लीच्या बहुतेक घरगुती स्कॅनरांत या पट्टीतच सारे सामावलेले असते: टोकाला लाल, हिरवा आणि निळा प्रकाश देणारे एलईडी, तो प्रकाश पानाच्या रुंदीभर पसरवणारी पारदर्शक कांडी, बारीक दंडगोल भिंगांची ओळ आणि तिच्याखाली पानाइतकीच रुंद संवेदकांची रांग. रंग ओळखणारा वेगळा भाग त्यात नाही. तीन रंगांचे दिवे आळीपाळीने लावून प्रत्येक वेळी किती उजेड परत आला एवढेच मोजले जाते.

आता खरा गाभा. गाडा एका धातूच्या दांड्यावर किंवा घडी घातलेल्या पत्र्याच्या कडेवर सरकतो आणि त्याला एक दातेरी पट्टा ओढतो. बोटाने तो हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावा. यादीतला सर्र तिथेच सापडेल. पट्टा फिरवणारी मोटार साधी असते, तिला स्वतःला आपण किती फिरलो हे कळत नाही. मग गाडा कागदावर नेमका कुठे आहे हे प्रिंटरला कसे समजते? उत्तर गाड्याच्या मागे ताणून बसवलेल्या एका पारदर्शक पट्टीत आहे. नुसत्या डोळ्यांना ती धुरकट, करड्या रंगाची दिसते. ती उजेडासमोर धरून भिंगातून पाहिले की करडेपणा विरघळतो आणि त्याजागी अगदी समान अंतरावरच्या काळ्या उभ्या रेषा दिसू लागतात. अनेक प्रिंटरांत या रेषा दर इंचाला १५० किंवा १८० असतात. गाड्याच्या पाठीवर एक छोटी चिमटीसारखी खाच असते. तिच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांपासून किंचित सरकवलेले दोन प्रकाशग्राहक असतात. पट्टी या खाचेतून जाते. प्रत्येक रेषेमागे दोन्ही ग्राहकांचे मिळून चार बदल मोजता येतात, म्हणजे दर इंचाला १५० रेषांवरून ६०० पायऱ्या, किंवा सुमारे चार शतांश मिलिमीटर एवढी बारीक मोजणी होते. आणि दोहोंपैकी कोणाचा बदल आधी झाला यावरून गाडा डावीकडे चालला आहे की उजवीकडे हेही कळते. चालू प्रिंटरमध्ये या पट्टीला तेलकट बोट लागले तर गाडा मोजणी चुकून कडेवर आदळू शकतो. अशा वेळी मोटार बिघडली असे समजून प्रिंटर टाकून देणारे पुष्कळ आहेत, आणि एके काळी त्यांत मीही होतो.

शाईचे डोके कुठे सापडेल हे प्रिंटरच्या घराण्यावर अवलंबून आहे. एचपीच्या अनेक कार्ट्रिजांत डोके कार्ट्रिजलाच जोडलेले असते आणि रिकाम्या कार्ट्रिजबरोबर तेही टाकले जाते. एप्सनमध्ये ते गाड्यात कायमचे बसवलेले असते. दोघांची रीतही वेगळी. एप्सन विजेच्या दाबाने आकार बदलणारा पदार्थ वापरून शाईला यांत्रिक धक्का देते. एचपी आणि कॅननच्या घरगुती यंत्रांत छिद्रामागचा सूक्ष्म तापक क्षणार्धात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. या दुसऱ्या रीतीचा धागा कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली सापडला: डाख देण्याचे (सोल्डरिंगचे) तापलेले हत्यार शाई भरलेल्या सुईला चुकून टेकले आणि सुईतून शाई उडाली. डोक्याचा तळ ओल्या, मऊ कापडाने टिपून भिंगाखाली धरावा. सोनेरी किंवा राखाडी पट्टीवर छिद्रांच्या रांगा दिसतील, किंवा निदान त्या रांगांची रेघ तरी दिसेल. थेंब काही पिकोलिटरचा असतो, आणि एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग.

कागदाचा मार्ग तपासण्यासाठी एक कोरा कागद ट्रेमध्ये ठेवून चाके हातानेच फिरवावीत. उचलणारा रबरी रोलर वरचा कागद ओढतो आणि समोरची खरखरीत गादी खालच्या कागदाला अडवते. रबराची कागदावरची पकड गादीपेक्षा जास्त आणि गादीची पकड कागदाकागदांमधल्या घर्षणापेक्षा जास्त, एवढ्या साध्या हिशेबावर एका वेळी एकच पान आत जाते. रबर जुने होऊन गुळगुळीत झाले की हा हिशेब बिघडतो. पुढे कागद एका लहान तरफेला कलंडवतो; तिचे दुसरे टोक प्रकाशाच्या खाचेतून बाहेर पडते आणि कागद आल्याची वर्दी जाते. बाहेर पडण्याच्या जागी पातळ पत्र्याची, चांदणीसारखी टोकदार चाके दिसतात. छापलेली बाजू अजून ओली असते, म्हणून तिला रोलरने न दाबता केवळ टोकांनी स्पर्श करायचा, ही त्यामागची योजना.

गाड्याचे कोपऱ्यातले घर मात्र सर्वांत शेवटी आणि हातमोजे घालूनच उघडावे. तिथे डोके सुकू नये म्हणून रबरी टोपी असते, डोके पुसायला रबराची पट्टी असते आणि टोपीखाली पंप असतो. हा पंप म्हणजे बहुधा वाटोळी वळवलेली रबरी नळी आणि तिला चेपत जाणारे रोलर. नळी जिथे चेपली जाते तिथून शाई पुढे ढकलली जाते. घरघरीचा धनी हाच. ओढलेली शाई जाते कुठे, असा प्रश्न पडला तर प्रिंटरच्या तळाशी बघावे. तिथे जाड नमद्याचे थर असतात आणि डोके साफ करण्यात खर्ची पडलेली सगळी शाई वर्षानुवर्षे त्यांत मुरत राहते. मी एकदा तळाचे स्क्रू शोधण्यासाठी यंत्र बेधडक उलटे केले होते. त्या फरशीवर अजून एक निळसर-काळा नकाशा आहे.

सर्किट बोर्ड बघण्यात फार वेळ जात नाही: एक मुख्य चिप, शेजारी स्मृतीची चिप, मोटारी चालवणारी एक चिप आणि फितींची सॉकेटे. त्यांत काही हलत नाही, त्यामुळे पाहून काही कळतही नाही. मोटारी, स्प्रिंगा, गुळगुळीत दांडा आणि पट्टा जपून ठेवण्यासारखे आहेत. बोर्ड, पॉवर सप्लाय, कार्ट्रिजे आणि शाईने भिजलेला नमदा मात्र घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावीत.

हे सारे होईपर्यंत एका बाजूची दातेरी चाकांची साखळी तशीच राहू द्यावी. तिथल्या चाकांवर पांढरे वंगण असते. ते पुसू नये आणि एकही चाक काढण्याआधी छायाचित्र घ्यावे. मग मोजावे: कागद उचलायचा, पुढे न्यायचा, बाहेर सोडायचा आणि पंप चालवायचा, अशी चार कामे दिसतात, पण त्यांच्यासाठी मोटार बहुधा एकच. ही काटकसर कशी साधली आहे हे कळायला मला दुसरा प्रिंटर खोलावा लागला. पहिल्यात मी चाके आधीच काढून ओळीने मांडली होती, आणि त्या ओळीतून काहीच उमगत नव्हते. दुसऱ्या वेळी चाके जागच्या जागी ठेवून मोटारीचे चाक अंगठ्याने सुलटे फिरवले, तेव्हा एका झुलत्या दांड्यावर बसवलेले छोटे चाक कागदाच्या रोलरकडे जाणाऱ्या साखळीत अडकले आणि रोलर फिरू लागला. मग तेच उलटे फिरवले. घर्षणाने दांडा पलीकडे कलला, छोटे चाक रोलरची साखळी सोडून पंपाच्या साखळीत शिरले, आणि दात दातांत बसताना यादीतला तो ठसठशीत खट्ट वाजला.